पानांच्या खोपीतलं टेबल

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाडीत पानं खुडत होते. फोन बोईसरहून, त्याच्या गाळ्याशेजारच्या टायरवाल्याचा. हा माणूस एरवी मला फोन करतो तो सणासुदीला, नारळ हवे असले की. म्हणून त्यानं काही बोलायच्या आधीच मी म्हटलं, "आहेत, आहेत, पाठवते."  तो म्हणाला, "दीदी, सर आज गाला खोलने नहीं आए. तो मैं घर पे देखने गया…" पुढचं त्याला बोलता येईना आणि मला ऐकता येईना. नंदू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, एका पायात बूट चढवून खुर्चीत बसला होता. दुसरा बूट हातात होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. माझ्या या धाकट्या भावानं कुठलीही गोष्ट अर्धवट सोडलेली मी कधी पाहिली नाही, आणि जाताना मात्र पठ्ठ्यानं बूटसुद्धा पुरते घातले नाहीत. मला त्याचा राग आला. अजूनही येतो. आज महिना उलटून गेलाय, लोक म्हणतात आता सावरायला हवं. सावरेन. पण आधी त्याच्याबद्दल थोडं सांगू द्या.

बोईसरमध्ये त्याला 'पूलवाले सर' म्हणायचे. पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातला खेळ. कापड ताणून बसवलेलं टेबल, कडेला सहा भोकं, एक पांढरा बॉल, आणि लांब काठीनं त्या पांढऱ्याला मारून बाकीचे रंगीत बॉल भोकांत घालायचे. एवढंच. निदान मला तरी एवढंच कळलं. नंदूच्या दृष्टीनं मात्र त्यात सगळं जग होतं, आणि त्या जगाबद्दल त्याचं एक ठाम मत होतं. मन लावून मेहनत केली आणि नीट शिकवणारं मिळालं, तर कुणीही व्यावसायिक खेळाडू होऊ शकतो. कुणीही! माझं मत बरोबर उलटं. मी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला. 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहिलेल्या भिंतीला पाठ लावून मी मुलांना गणित शिकवलं, आणि कुणाला परमेश्वर भेटतो नि कुणाला नुसतेच प्रयत्न, हे पहिल्या चाचणीतच मला कळायचं. त्यामुळे दर रविवारी तो केळव्याला आला की चहाबरोबर आमचं हे भांडण ठरलेलं. मी म्हणायची, "अरे, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" तो बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "ताय, आड आधी खनावा लागतो."

हे वेड त्याला लागलं तारापूरच्या कारखान्यात. तिथं तो उपकरणं दुरुस्त करणाऱ्या विभागात होता. कारखान्याच्या क्लबात साहेब लोकांसाठी एक टेबल होतं, आणि बदलीवर आलेला एक इंजिनियर एकटाच तिथं खेळायचा. त्याला जोडीदार हवा होता, नंदू मिळाला. वर्षभरात इंजिनियरची बदली झाली, नंदूचं खूळ मात्र कायम झालं. मुंबईतला एक क्लब बंद पडला तेव्हा तिथलं जुनं टेबल त्यानं विकत घेतलं आणि टेम्पोत घालून थेट केळव्याला आणलं. टेबलाच्या कापडाखालच्या दगडी पाट्या उतरवताना चार गडी लागले. आमची काकू माडाखाली उभी राहून बघत होती. तिनं प्रेमानं विचारलं, "नंदू, वट्याला कडप्पा आनलास काय रं?" आता हे धूड ठेवायचं कुठं? घरात जागा नाही, पडवीत ऊन. शेवटी बाबांनी तोडगा काढला. पानांच्या खोपीत.

खोप म्हणजे वाडीच्या मधोमध, सुपारीच्या दाट सावलीतली खोली. खुडलेली विड्याची पानं टोपल्यांत भरून बाजारात जाईपर्यंत तिथं ठेवायची. टोपल्यांत केळीची पानं अंथरलेली, वरून ओली गोणपाटं, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. भर मे महिन्यात तिथं शिरलं की अंग गार व्हायचं. वाडीतली सगळ्यात मोलाची जागा ती. बाबांना खेळायची काठी कुठल्या बाजूनं धरतात हेही ठाऊक नव्हतं, पण लेकाच्या हौसेला आपल्याकडची उत्तम जागा द्यायची, एवढं त्यांना कळत होतं. "पानासारकं नाजूक पान जितं टवटवीत ऱ्हातं, तितं या लाकडाला काय व्हनार?" ते म्हणाले. आम्हा सगळ्यांना पटलं. पानवाल्यांच्या घरात हे न पटणारा कोण होता?

त्या खोपीत नंदूनं आपलं तरुणपण घातलं. पहिल्या पाळीहून आला की जेवून खोपीत. रात्रपाळी असली तर सकाळी खोपीत. तोच शॉट परत, परत, परत… आम्ही टोपल्या भरतोय, बाजूला त्याची टकटक चाललीय. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "बायकोला चालेल, पन टेबलाला विचारावं लागंल." आईनं काही वर्षं मुली बघितल्या, मग टोपल्या बघायला लागली. तो खेळायचा मात्र छान हं. मला खेळातलं कळत नसलं तरी मनापासून काम करणारा हात मला ओळखता येतो. बॉल अगदी सावकाश, ऐटीत जाऊन भोकाच्या तोंडाशी जरासा थबकायचा आणि मग आत पडायचा. आम्हाला वाटायचं, या खेळाची चालच ही.

मग तो मुंबईला मोठ्या स्पर्धेला गेला. तिथं वर आलेल्यांना पुढं व्यावसायिक म्हणून खेळता येणार होतं. पहिल्याच दिवशी हरून घरी परतला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "आपल्याकडं बॉल चालतो ताय, तितं पळत व्हता." त्यानं मारलेला प्रत्येक बॉल जोरात जाऊन कडेला आपटून परत येत होता आणि लोक हसत होते. पुढं कापड बदलायला मुंबईहून एक मिस्त्री बोलावला, तेव्हा उलगडा झाला. मिस्त्रीनं खोपीत पाऊल टाकलं, कापडावर तळवा ठेवला, मग त्यानं आधी टेबलाकडं पाहिलं आणि नंतर ओल्या गोणपाटांकडं. म्हणाला, "साहब, इसपे तो धनिया उग जाएगा." पूलचं कापड खडखडीत कोरडं लागतं, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. इतकी वर्षं ओलसर, जड कापडावर ढकलायला शिकलेला नंदूचा हात प्रत्येक शॉटला दुप्पट जोर लावत होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. नंदूच त्यांची समजूत घालत बसला. आणि गंमत बघा, तो आतून खूश होता. मला दिसत होतं ते. हरला होता टेबलामुळे! त्याचं मत शाबूत होतं.

त्यानंतर त्यानं सगळं नव्यानं आरंभलं. बोईसरला एक गाळा घेतला, टेबल तिथं हलवलं आणि स्वतःही तिकडंच राहायला गेला. समुद्राची हवा तिथवरही पोचतेच, म्हणून पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसे पिवळे बल्ब त्यानं टेबलाच्या पोटाखाली लावले. पावसाळाभर ते जळत असायचे. आठवड्याची सुट्टी आली की मुंबईला, एका नामांकित प्रशिक्षकाकडं. त्या माणसानं त्याला पहिले काही महिने बॉलला हातच लावू दिला नाही. उभं कसं राहायचं, वाकायचं कसं, हनुवटी कुठं, कोपर कुठं. चाळिशी ओलांडलेला माझा भाऊ पहिलीतल्या पोरासारखा उभं राहायला शिकला. कंटाळला नाही, कुरकुरला नाही. पी हळद नि हो गोरी असला त्याचा स्वभावच नव्हता. आणि काही वर्षांनी तो परत त्या स्पर्धेला गेला. या खेपेला मी बरोबर होते. थंडगार हॉल, उत्तम टेबलं. समोर कॉलेजातला एक मुलगा, च्युइंगम चघळत आलेला. नंदू चुकला असं मला एकदाही वाटलं नाही. त्याला जेवढं येत होतं तेवढं त्यानं सगळं केलं. त्या मुलाला फक्त त्याच्याहून जास्त येत होतं, आणि ते आणायला त्याला फारसे कष्ट पडलेले दिसत नव्हते. बाहेर येऊन आम्ही फुटपाथवरच्या गाडीवर चहा घेतला. मी मनातल्या मनात काहीतरी धीराचं जुळवत होते. नंदू चहा संपवून, ग्लास खाली ठेवून म्हणाला, "या टायमाला टेबल कोरडं व्हतं, ताय."

बस, एवढंच.  दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला कामावर गेला.

मला वाटलं, आता हे खूळ सुटेल. सुटलं नाहीच, उलट मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यानं गाळ्यात दुसरं टेबल टाकलं आणि शिकवायला लागला. कारखान्यातली पोरं यायची, कॉलेजातली यायची, एक दाढीवाले बँक अधिकारीही यायचे. सगळ्यांना तो तीच ग्वाही द्यायचा, "कुणीबी शिकू शकतं." मी एकदा भडकलेच. म्हटलं, तुला चांगलं ठाऊक आहे, तू स्वतःवर करून बघितलंयस, मग पोरांना का झुलवतोस? तो म्हणाला, "मी म्हनतो शिकू शकतं. होऊ शकतं, असं हल्ली म्हनतो काय?" मी आठवून पाहिलं. खरंच म्हणत नव्हता. कधी सोडलं होतं कुणास ठाऊक. आमच्या भांडणातून तो गुपचूप निघून गेला होता आणि मी वेडी एकटीच भांडत होते.

या मुलांत एक मुलगी होती, सरिता. वाणगावच्या पुढच्या पाड्यावरची, बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला. मैत्रिणींबरोबर सुट्टीच्या दिवशी मजा म्हणून आली आणि राहिली. मी एका रविवारी तिला खेळताना पाहिलं आणि मला ते च्युइंगम चघळणारं पोरगं आठवलं. ती वाकली की टेबलाशी काहीतरी बोलणं झाल्यासारखी बॉल निमूट जायचे. नंदू तिच्याकडं बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी दुसऱ्या कशासाठी पाहिलेलं नाही. मत्सर नव्हता तो, शपथेवर सांगते. दोन-तीन वर्षांनी त्याच्या मुंबईच्या प्रशिक्षकानं तिला पाहिलं आणि म्हणाला, हिला वर्षभर माझ्याकडं पाठवा, तयारी करून घेतो. म्हणजे नोकरी सोडायची, मुंबईत राहायचं. सरितेचे डोळे लकाकले, आणि दोन दिवसांनी तिची आई गाळ्यात येऊन बसली.

त्या दिवशी मी तिथंच होते, चहा करत. बाईनं बरोबर आणलेल्या काकड्या स्टुलावर ठेवल्या. त्यांच्या डोंगरउतारावरच्या शेतातल्या, पावसावर आलेल्या. टेबलाकडं एकदा बघितलं आणि सरळ विचारलं, "सर, माजी पोर बोलते काम सोडते. तिच्या पगारावर घर हाय आमचा. तुमी खरा सांगा. तिचा व्हईल का?"

 गाळ्यात पोरं खेळत होती, ती थांबली. नंदू म्हणाला, "मावशी, माजं निम्मं आयुष्य या टेबलावर गेलं. दोनदा गेलो, दोनदा हरून आलो. मेहनत कमी पडली म्हनून नाय. शिकवनारा चांगला नव्हता म्हनून पन नाय. मला जेवडं येनार व्हतं तेवडं आलं, नि तितं थांबलं. तुमच्या पोरीचं अजून थांबलं नाय."

"नि मुंबयला जाऊन थांबला तर?"

"तर परत येईल. कामाला लागंल. मी बी लागलो व्हतो."

 "तुमी हाव ना पाटीशी?" बाईनं विचारलं. "हाय की," नंदू म्हणाला.

मी हातातली गाळणी तशीच धरून उभी होते. इतकी वर्षं ज्या वादात मला जिंकायचं होतं, तो मी त्या क्षणी जिंकले होते. भर गाळ्यात, त्याच्याच पोरांसमोर, त्याच्याच तोंडून. आणि मला इतकं वाईट वाटत होतं की चहा गाळताना अर्धा बाहेर सांडला. नंदू मात्र काकडी कापून पोरांना वाटत होता.

सरितेनं राजीनामा द्यायचा तो महिना आला आणि नंदू गेला. दिवसकार्य आटोपल्यावर मी गाळा उघडायला गेले. पोरांनी कुणी आत पाऊल टाकलं नव्हतं. लांबच्या टेबलावर दोनच बॉल होते, एका टोकाला पांढरा, बऱ्याच अंतरावर एक लाल. त्यांच्या जागा चुकू नयेत म्हणून कापडावर कागदाच्या इवल्या टिकल्या चिकटवलेल्या. तेवढ्यात पाळी सुटून सरिता आली. दारातच म्हणाली, "ताई, मी नाय जात मुंबयला. आईला पन सांगितलं." मी कारण विचारलं नाही. विचारायला काय होतं? मी नुसतं टेबलाकडं बोट दाखवून म्हटलं, हे काय आहे?

"सरांचा शॉट," ती म्हणाली. "लाल तिकडच्या कोपऱ्यात घालायचा, नि पांढरा तितून मागं, पार इतपर्यंत यायला पायजे. सरांना जमायचा नाय. लाल जायचा. पांढरा अर्ध्यातच थांबायचा."

"इतकी वर्षं?"

"रोज लावायचे."

"आणि तुला?"

 तिनं भिंतीवरची काठी घेतली, वाकली आणि मारला. लाल गेला, आणि पांढरा जणू कुणी हाक मारल्यासारखा आख्खं टेबल ओलांडून परत आला आणि तिच्या हाताजवळ थांबला. काठी टेबलावर टाकून ती रडायला लागली. "मला पयल्यापासून यायचा, ताई. सर आधी मारायचे, मग बोलायचे आता तू. मी मुद्दाम चुकायची. त्यांचा जितं थांबला तितंच माजा थांबवायची." असं बरेच महिने चाललं. मग एके दिवशी नंदूनं तिला विचारलं, "सरिता, तुजा पांढरा रोज माज्याच जाग्यावर कसा काय थांबतो गं?" ती मान खाली घालून उभी राहिली, तर हा मोठमोठ्यानं हसायला लागला. हसू ओसरल्यावर तिला म्हणाला, माझ्यासाठी चुकू नको, हात गुणी असतो, शिकवशील ते शिकतो, चुकायलाही शिकतो. पुन्हा चुकणार नाही असं तिनं कबूल केलं. "पन सर समोर असले की हात आपोआपच मागं यायचा, ताई. मला ते जमंचना." तेव्हा नंदू म्हणाला, "बरं. मग मी सकाळीच माजं उरकून घेत जाईन. तू दुपारची ये."

सकाळी उठून एकटाच गाळ्यात जातो म्हणून मी त्याला किती चिडवलं होतं! म्हातारपणी झोप येत नाही वाटतं, म्हणायची. कुणी बघू नये म्हणून लपून खेळतोस होय रे, म्हणायची. तो "व्हय, व्हय" म्हणून चहा प्यायचा. तो शेवटचा बूटही त्याच वेळेला, तिथंच जायला घालत होता. मी स्टुलावर बसले आणि त्या पोरीच्या बरोबरीनं रडले. मग डोळे पुसून, वर्गात बोलायचे त्या आवाजात तिला म्हटलं, "मुंबईला जायचं. इथं राहिलीस तर हे टेबल बघून रोज चुकशील, नि त्याला ते आवडायचं नाही." तिनं टिकल्यांवर बॉल पुन्हा लावले. पुन्हा मारला. अंधार पडेपर्यंत मारत राहिली आणि तिचा पांढरा एकदाही अर्ध्यात थांबला नाही.

सरिता आता मुंबईत आहे. तिचं काय होईल मला माहीत नाही, आणि नंदूलाही माहीत नव्हतं. तिच्या आईला मी सांगितलंय, अडलं-नडलं तर केळव्याला निरोप पाठवा. दुपारी पोरं येतात, बँकेचे दाढीवाले त्यांना उभं राहायला शिकवतात. रविवारी पहाटेच मी केळव्याहून निघते आणि पोरं यायच्या कितीतरी आधी कुलूप काढते. झाडलोट झाली की टिकल्यांवर बॉल लावते, हनुवटी, कोपर, जे काही कानावर पडलेलं आठवतं तसं करत वाकते, आणि मारते. माझा पांढरा लालपर्यंतसुद्धा पोचत नाही. मी परत लावते, परत चुकते. त्या वेळी गाळ्यात दुसरं कुणी नसतं, त्यामुळे कुणाचा हात बिघडत नाही.